आधी खड्डा, मग भिंती

वडगावात अंबाजीच्या घरी नवखा माणूस आला की उंबऱ्यापासून चौथ्या पावलाला थबकतो. तिथं फरशी संपते आणि पाच फळ्या लागतात. फळीवर पाय पडला की खालून पोकळ आवाज येतो, रिकाम्या पिपावर थाप मारल्यासारखा. पाहुणा खाली बघतो, मग अंबाजीकडं बघतो.

“खाली काय हाय वो, पाण्याची टाकी?”

“न्हाय. खड्डा.”

“कसला?”

“मागाचा.”

“आनि माग कुठं हाय?”

चहा झाला का बघतो म्हणून अंबाजी उठून आत जायचा. मग त्याची बायको सुवर्णा आतूनच बोलायची, “हत्ती गेला आनि शेपूट अडकलं. त्या शेपटापायी माग गेला.”

पावणेदोन वर्षं हे असंच चाललं.

विणकराच्या घराची रीत वेगळी. बाकीचे लोक आधी पाया काढतात, भिंती उभ्या करतात, मग कुठं काय ठेवायचं ते ठरवतात. अंबाजीच्या घरात आजोबापणजोबापासून चालत आलेलं म्हणजे आधी खड्डा, मग भिंती. उजेड डाव्या हातानं येईल अशी जागा बघायची, कमरेइतकं खोल खणायचं, हळदकुंकू वाहायचं, आणि त्या खड्ड्याभोवती घर बांधत जायचं. खड्ड्यात पाय सोडून विणकर बसतो, पायांखाली पावड्या, म्हणजे आळीपाळीनं दाबायच्या लाकडी पट्ट्या, छातीसमोर कापड. विणकर जमिनीच्या पातळीला बसलेला, म्हणून त्याला घरात आलेल्या माणसाचं आधी पाऊल दिसतं, तोंड नंतर. अंबाजी गल्लीतल्या सगळ्यांना पावलांवरनं ओळखायचा. पोस्टमनची टाच, शेजारच्या जयाबाईची भेगाळलेली करंगळी. लग्न होऊन आली तेव्हा सुवर्णाची जोडवी त्यानं पहिल्यांदा तिथनंच नीट बघितली. दिवसातनं दोनदा ती जोडवी खड्ड्याच्या काठाला येऊन थांबायची, ती वाकायची, आणि चहाचा कप खाली यायचा. वर यायचं म्हटलं तर पायाची लय मोडते, म्हणून चहा खालीच. तीस वर्षं.

पोट काही हातमागावर भरत नव्हतं. दिवसा तो दुसऱ्याच्या कारखान्यात पॉवरलूमवर पाळी करायचा. तिथं सहा माग एकदम खडखडतात, माणसानं नुसतं तुटलेला धागा जोडायचा. पण पहाटेचे दोन तास स्वतःचे. बारा-पंधरा दिवसांत एक साडी उतरायची, ती शहापुरातला एक जुना दुकानदार घ्यायचा, सूतही तोच द्यायचा. “तोटाच हाय ह्यात,” सुवर्णा म्हणायची. “व्हय,” अंबाजी म्हणायचा, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे खाली उतरायचा.

दहा वर्षांपूर्वी पाऊसपाण्यानं मातीची भिंत फुगली. घर पाडून स्लॅब घालायचा तर कर्ज पाहिजे. बँकेनं पगाराचा दाखला मागितला, तो नव्हता. मग एका गृहकर्ज कंपनीचा एजंट घरी आला. गोड बोलणारा, मोटारसायकलवर बॅग. सुवर्णानं पोहे केले. एजंट फॉर्म भरत भरत विचारत गेला. नाव, वय, जामीन. मग म्हणाला, “मामा, घर कशाला बांधताय?”

आता विणकराला असं विचारलं तर तो काय सांगणार? कुणाही विणकराला विचारा. अंबाजी म्हणाला, “कशाला म्हंजे? माग बसवायला.”

एजंटानं लिहिलं. अंबाजीनं सही केली. सुवर्णानं आणखी पोहे वाढले.

घर झालं. म्हणजे खड्डा तसाच ठेवून त्याच्याभोवती नव्या विटांचं घर झालं. हप्ता सुरू झाला. व्याज बदलतं होतं. सुरुवातीला कधी खाली, मग वरच वर. हप्ता तेवढाच राहायचा, पण वर्षं वाढत जायची. पोरगी सौम्या बीकॉम होऊन टिळकवाडीत एका सीएच्या ऑफिसात लागली, तिनं एका संध्याकाळी कागद पसरले आणि म्हणाली, “आप्पा, तुमी सत्तराव्या वर्षापर्यंत हप्ता भरनार हाईसा, माहीत हाय काय?”

“तवर कोन जगतंय?”

“मग मी भरू काय?”

एवढ्यावर ठरलं की एकरकमी संपवून टाकायचं. पाच लाख ऐंशी हजार बाकी होती. सौम्याची ठेव, सुवर्णाच्या पाटल्या, भिशी, शेजारच्या जयाबाईकडचे हातउसने. बरोब्बर तेवढे जमले. तिघं सणाचे कपडे घालून कंपनीच्या ऑफिसात गेली. काउंटरवरची बाई गोडच होती. तिनं हिशोब केला आणि कागद फिरवला.

“सत्तावीस हजार तीनशे शहात्तर आणखी लागतील. मुदतीआधी बंद करताय ना, चार टक्के. वर जीएसटी.”

“हे आधी सांगितलंत न्हाय,” सौम्या म्हणाली.

“ॲग्रीमेंटमध्ये आहे. आज पाचपर्यंत भरला तर आजच्या तारखेला बंद होतं. नाहीतर उद्यापासून नवा हिशोब. आणि घराचे कागद पूर्ण रक्कम आल्याशिवाय देता येत नाहीत.”

पाटल्या तर मोडून झाल्या होत्या. सुवर्णा बाहेरच्या बाकावर बसली आणि पदरानं वारा घेत राहिली. सौम्या कुणाकुणाला फोन लावत होती. अंबाजी एकटा जिन्यात उभा होता. त्याला ओमकार आठवला. ओमकार निपाणीचा, घरचा तंबाखूचा व्यापार. पण ह्यानं हायवेवर मोठं हॉटेल काढलं होतं, आत गावाकडचा देखावा: बैलगाडीचं चाक, दगडी जातं, मोट. जुन्या हातमागासाठी तो दोनदा घरी येऊन गेला होता. दोन्ही वेळेला अंबाजीनं त्याला चहा पाजून वाटेला लावलं होतं.

त्यानं फोन लावला. ओमकारनं पंचवीस हजार तिथल्या तिथं खात्यावर टाकले. वरचे सुवर्णाच्या डाळीच्या डब्यातनं निघाले.

टेम्पो चारला आला. मागावर अर्धी साडी चढलेली होती, मोरपंखी. अंबाजीनं ताणा, म्हणजे उभे धागे, कापला. पण फणी त्यानं दिली नाही. फणी म्हणजे ज्यातनं ताण्याचा एकेक धागा ओवलेला असतो ती. ती कधी मोकळी करायची नसते. जुन्या ताण्याची टोकं तशीच फणीत ठेवायची, म्हणजे नवा ताणा आला की टोकाला टोक पीळ देऊन जोडता येतं. मोकळी केली तर हजारो धागे पुन्हा ओवायचे, आणि लोक म्हणतात, त्या घरातलं विणकाम संपलं. अंबाजीनं वीतभर मोरपंखी टोकांसकट फणी जुन्या धोतरात गुंडाळली आणि देवाच्या फळीवर ठेवली.

“फणीशिवाय माग?” टेम्पोबरोबर आलेला ओमकार म्हणाला.

“तुमाला दाखवायलाच पायजे न्हवं? फनीबिगर बी दिसतोय की.”

ओमकार माणूस वाईट नव्हता. अंबाजीचं तोंड बघून म्हणाला, “मामा, कधी परत पायजे झाला तर या. हेच पैसे द्या, घेऊन जावा. शब्द हाय माझा.”

त्या रात्री कर्ज संपल्याचा कागद देवापुढं ठेवला होता. कुणी गोड केलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंबाजी सवयीनं उठला आणि खड्ड्याच्या काठावर येऊन उभा राहिला. तळाला दोन वाटीएवढे खळगे होते, टाचा टेकून टेकून पडलेले. उजवा जास्त खोल. तो बघत राहिला. चार दिवसांनी सुवर्णानं सुताराकडनं फळ्या आणून वर टाकल्या. “एखाद्याचा पाय मोडंल,” ती म्हणाली. खरं कारण ते नव्हतं, दोघांनाही ठाऊक होतं.

त्यानंतर त्याला एक खोड लागली. खुर्चीत बसला की टाचा चालायच्या. उजवी, डावी, उजवी. कारखान्यातली पोरं हसायची, “अंबाजी अण्णा शिलाई मशीन चालवालेत बगा.” बसमध्ये शेजारचा बाजूला सरकायचा. रात्री झोपेतसुद्धा पाय हलायचे, आणि सुवर्णा अंधारात आपला पाय त्याच्या पायावर टाकायची, तेव्हा ते थांबायचे.

सहा महिन्यांनी सौम्या ऑफिसातनं पळतच आली. दुसऱ्याच कुणाच्या तरी फायलीत तिला दिसलं होतं. “आप्पा, बदलत्या व्याजाचं घरकर्ज माणसाच्या नावावर आसंल तर आधी फेडलं म्हणून दंड घेताच येत न्हाय! नियमच हाय तसा. आपले पैसे त्यांनी फुकट घेतल्यात.”

अंबाजी जेवत होता. घास हातातच राहिला. “मंजे माग...”

“मंजे पैसे परत मागायचे.”

“पैसे न्हवं गं. माग.”

पत्र गेलं. वीस दिवसांनी उत्तर आलं. सौम्यानं ते दोनदा वाचलं आणि मग हळूच सांगितलं. कंपनी म्हणत होती, हे घरकर्जच नव्हे. हे धंद्याचं कर्ज. धंद्याच्या कर्जाला दंड लागतो. पुरावा म्हणून फॉर्मची नक्कल जोडली होती. ‘बांधकामाचा उद्देश’ ह्या ओळीपुढं एजंटाच्या अक्षरात लिहिलं होतं: माग बसवणे. खाली अंबाजीची सही.

सुवर्णानं कपाळावर हात मारला. “ऱ्हायला म्हनून सांगायचं सोडून! घर कशाला बांधताय म्हनल्यावर सगळं जग ऱ्हायला म्हनतंय!”

“माग आसला की मानूस ऱ्हातंयच की तिथं,” अंबाजी म्हणाला.

“त्या कंपनीला सांगा हे.”

“सांगतो की. बोलव त्यांना.”

सौम्यानं कंपनीच्या मोठ्या ऑफिसला तक्रार केली. तिथनं घर बघायला माणूस येणार असं कळलं. घर राहतं आहे की कारखाना, त्याची पाहणी. आदल्या दिवशी सुवर्णानं घर सारवावं तसं पुसून काढलं. फळ्यांवर सतरंजी घातली, सतरंजीवर टीपॉय. धोतरातली फणी देवाच्या फळीवरनं काढून तांदळाच्या पिपात खुपसली. आणि नवऱ्याला दम भरला, “मागाचं नाव काढायचं न्हाय. विचारलं तर, न्हवताच म्हनायचं. कळ्ळं काय?”



पाहणीला आलेला अधिकारी मंथन नावाचा, तिशीतला, हुबळीकडचा. कन्नड मिसळून मराठी बोलायचा. त्यानं स्वयंपाकघर बघितलं, न्हाणी बघितली, देव बघितले, मोबाइलवर फोटो काढले. मग सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत आला आणि टीपॉयजवळ त्याच्या बुटाखाली पोकळ आवाज आला.

“इदु येन्री? काय आहे खाली?”

“टाकी, सायब,” सुवर्णा चटकन म्हणाली.

अंबाजी उठला. त्यानं टीपॉय बाजूला केला, सतरंजी गुंडाळली, एकेक फळी उचलून भिंतीला लावली. सुवर्णा “अवं, अवं” करत राहिली. मग तो आत गेला, तांदळाच्या पिपात कोपरापर्यंत हात घातला, आणि फणी घेऊन आला. धोतर उलगडलं. तांदळाचे चार दाणे फरशीवर पडले. मोरपंखी टोकं पंख्याच्या वाऱ्यानं हलली.

“सायब, हितं माग होता,” अंबाजी म्हणाला. “तीस वर्सं मी ह्यात बसलोय. माजा बा बसला. तुमच्या कंपनीचा दंड भराया मी त्यो इकला. आता न्हवताच म्हनून सांगितलं, तर इकलं काय मी?”

मंथन खड्ड्याच्या काठाशी वाकला. “करंट लागत होता काय मागाला?”

“करंट? हातमागाला? पाय चालतात न्हवं.”

“हौदरी, खरं आहे,” मंथन म्हणाला आणि वहीत लिहीत राहिला. काय लिहिलं ते त्यानं दाखवलं नाही. चहाही घेतला नाही. तो गेल्यावर सुवर्णा स्वयंपाकघरात जाऊन भांडी आदळायला लागली.

“घातलं सगळं पान्यात! खरं बोलायचं म्हनून काय घरदार उघडं करून दावायचं?”

“घर न्हाय दावलं. खड्डा दावला.”

“मग बसा आता खड्ड्यात!”

सौम्या मात्र उंबऱ्यात बसून अधिकाऱ्यानं विचारलेल्या त्या एका प्रश्नाचा विचार करत होती. करंट. ती उठली, कपाटातली पिशवी काढली आणि दहा वर्षांची लाइटबिलं जमिनीवर मांडली. एकच मीटर, घरगुती. कारखान्याच्या वीजजोडणीचं एकही बिल नाही. महिन्याला साठ-सत्तर युनिट, म्हणजे चार दिवे, पंखा, मिक्सर. ह्यात कुठला धंदा? तिनं कंपनीवर विसंबून न राहता, अशा कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या दिल्लीच्या सरकारी कार्यालयाला ऑनलाइन तक्रार केली, बिलं जोडली, रेशनकार्ड जोडलं. आणि अर्जात बापाचंच म्हणणं लिहिलं: ह्या घरात हातमाग होता, आणि त्या मागाभोवतीच्या घरात आम्ही राहतो. आमच्यात ह्या दोन गोष्टी वेगळ्या नसतात.

“हे शेवटचं वाक्य कशाला?” सुवर्णानं विचारलं. तिला वाचून दाखवलं होतं.

“आप्पा सही करनार न्हाईत त्याशिवाय.”

उत्तराची वाट बघण्यात पावसाळा गेला, दिवाळी गेली. अंबाजी रोज कामावरनं आला की पहिल्यांदा पोरीच्या तोंडाकडं बघायचा. ती मान हलवायची. मग तो फळ्यांवर बसून चप्पल काढायचा. हायवेवरचं ते हॉटेल त्याला माहीत होतं. कोल्हापूरला पाहुण्यांकडं जाताना बस त्याच्या पुढनंच जायची. त्या वळणावर तो डोळे मिटून घ्यायचा, आणि वळण गेलं की वळून बघायचा.

संक्रांतीच्या आधी पैसे आले. सत्तावीस हजार तीनशे शहात्तर, पै न् पै. सोबत दिल्लीच्या कार्यालयाचं चार ओळींचं पत्र. मंथनच्या पाहणीतला एक उतारा त्यात घेतला होता: ‘घर राहते आहे. सोप्यात जुन्या हातमागाचा खड्डा आहे, विजेवरचे यंत्र नाही. कुटुंब खरे बोलते.’ सौम्यानं शेवटचे तीन शब्द मोठ्यानं वाचले. सुवर्णा म्हणाली, “मी टाकी म्हनलेलं लिवलं न्हाय व्हय त्यानं?” आणि पदर तोंडाला लावून हसली. बऱ्याच महिन्यांनी हसली.

दुसऱ्या दिवशी अंबाजीनं कारखान्यात सुट्टी टाकली. दोघं नवराबायको निपाणीची बस धरून हॉटेलवर गेली.

माग दारातच होता. व्हार्निश मारून लालबुंद केलेला. खाली खड्डा नव्हता, सिमेंटचा कट्टा होता. त्यावर माग बसावा म्हणून पावड्या करवतीनं कापून टाकल्या होत्या. ताण्याच्या जागी नायलॉनचं झगझगीत कापड खिळ्यांनी ठोकलेलं. एक जोडपं त्याला टेकून फोटो काढत होतं. अंबाजी त्यांचं होईपर्यंत थांबला. मग कट्ट्यावर बसला आणि पाय खाली सोडले. टाचा सिमेंटला लागल्या.

ओमकार आला. आधी ओळखलं नाही, मग ओळखलं. पैशाचं पाकीट बघून तो मागाकडं वळला.

“मामा, आता लोक फोटोला येतात ह्याच्या. दुप्पट देतो मी, ऱ्हाऊ दे. न्हायतर आसं करा, तुमीच येत जावा रविवारी. फेटा बांधून बसायचं, हात हलवायचं. हजार रुपये रोज.”

“इकलं ते इकलं,” अंबाजी म्हणाला. “पर तुमी शब्द दिलतासा.”

सुवर्णा पुढं झाली. “आनि पावड्या कापल्यात त्याचं पैशातनं काय कापून घ्यायचं ते बोला.”

“आक्का, काय कापू नका,” ओमकार हसला, हरल्यासारखा. “न्ह्या. टेम्पो माजा.”

माग घरी आला तेव्हा गल्ली बघायला जमली. शामू सुतारानं खिळे काढले, नव्या पावड्यांची मापं घेतली, म्हणाला चार दिवस लागतील. नायलॉनचं कापड सुवर्णानं पायपुसणं केलं. शहापूरच्या जुन्या दुकानदाराचं दुकान आता त्याचा मुलगा बघायचा. अंबाजीनं फोन लावला तर तो म्हणाला, “काका, हातमागाचं सूत मी बंद केलंय. गिऱ्हाईकच नाही.” अंबाजी बरं म्हणाला. फोन ठेवून त्यानं देवाच्या फळीवर परत ठेवलेली फणी काढली, मागावर तिच्या जागी टांगली, आणि मोरपंखी टोकं हातानं विंचरून सरळ केली. जोडायला पुढं धागा नव्हता. तरी सरळ केली.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या वेळेला सुवर्णाला जाग आली. शेजारी अंथरूण रिकामं. ती सोप्यात आली. अंबाजी खाली बसला होता, पावड्या नसलेल्या मागापुढं. टाचा त्या दोन खळग्यांत टेकलेल्या, एकदम शांत. हलत नव्हत्या.

ती मागं फिरली, चूल पेटवली. चहा उतू जायला आला तेव्हा हाक मारली, “वर येतासा का?”

“न्हाय,” खड्ड्यातनं आवाज आला. “खालीच दे.”